जपानी लाव्यांत जोडी खरंच जमते का? नर जाळीपाशी ताटकळतो, पण अंडी रिकामी

रानकवडा

जपानी लाव्यांच्या (बटेरांच्या) विणीबद्दल नेमकी माहिती हवी आहे. मांडणी अशी: प्रत्येक कप्पा ४५ बाय ३० सेंटिमीटर, उंची २५, तळाला उतरती जाळी. एका कप्प्यात एक नर, एक मादी. वय ११ आठवडे. नर आरवतात, माद्या जवळजवळ रोज अंडं घालतात. दिवा धरून उजेड १२ तास. खाद्यात प्रथिनं २० टक्के, कॅल्शियम २.५ ते ३ टक्के.

अडचण दुहेरी आहे. इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या अंड्यांपैकी निम्म्याहून जास्त सातव्या दिवशी रिकामी दिसतात. शिवाय माद्यांच्या डोक्यामागची आणि मानेवरची पिसं गेली आहेत, काहींच्या कातडीवर खपल्या आहेत. म्हणून मध्ये जाळी टाकून माद्या बाजूला केल्या, तर नर दिवसभर त्या जाळीपाशीच उभे असतात. एवढी ओढ आहे म्हणजे जोडी जमलेली असणार, आणि जमलेली जोडी फोडली तर मादी अंडी बंद करते, असं बरेच जण सांगतात.

तर विचारायचं असं की, लाव्यांत जोडी असते का? माद्यांना इजा न होता फलित अंडी मिळायला किती नर, किती माद्या ठेवाव्या? नर बदलला तर पिल्लं नव्या नराचीच आहेत हे कधीपासून धरायचं? आणि शेजारच्या पिंजऱ्यात किंग क्वेलची (लाव्याच्या चिमुकल्या जातीची) जोडी आहे. तिथला नर इतके दिवस मादीला दाणा भरवायचा, आता ती खुडूक होऊन बसली आहे तर तिच्या पाठीवर टोचतो. हे का?

चोचकर

खपल्या धरलेल्या माद्या आधी सांभाळा. त्यांना पिसांचे नवे कोंब फुटून पूर्ण उघडेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, नरापाशी सोडू नका. वाढत्या कोंबात रक्त असतं. नराने तिथे चोच धरली की जखम पुन्हा उघडते, आणि रक्त दिसलं की बाकीचे पक्षीही त्याच जागी टोचायला लागतात.

पिसं नक्की कुठून गेली आहेत हेही नीट बघा. डोक्याच्या मागच्या बाजूला आणि मानेवर टक्कल असेल तर ते नराच्या पकडीचं. अगदी टाळूवर मधोमध सोललं असेल तर पक्षी दचकून सरळ वर उडतो आणि छताला आपटतो, त्याचं. गळ्याच्या पुढच्या बाजूची पिसं झिजली असतील तर ती खाद्याच्या भांड्याच्या किंवा जाळीच्या कडेला घासून. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. छताची उंची २५ ते ३० सेंटिमीटरच ठेवायची आणि आतून मऊ जाळी किंवा फोम लावायचा. मधली उंची सगळ्यात घातक, कारण तेवढ्यात त्यांना वेग घ्यायला जागा मिळते.

तुमच्याकडचं टक्कल पकडीचं आहे आणि त्याचं कारण एकास एक हे प्रमाणच आहे. मीलनाच्या वेळी नर आधी मादीच्या मानेवरची पिसं चोचीत घट्ट धरतो, मग पाठीवर चढतो, पंख पसरून तोल सांभाळतो आणि शेपटी खाली वळवून आपला अवस्कर (विष्ठा, वीर्य आणि अंडं बाहेर पडायची एकच वाट) तिच्या अवस्कराला टेकवतो. ही शेवटची क्रिया क्षणभराची असते. मादी तयार असेल तर ती पाय मुडपून खाली बसते आणि सगळं चटकन आटपतं. तयार नसेल तर पळते, पकड सुटते, नर पुन्हा नवी पिसं धरतो. नर दिवसातून कितीतरी वेळा चढायला बघतो आणि कप्प्यात एकच मादी असली की प्रत्येक वेळी तीच सापडते. पळणाऱ्या मादीच्या डोक्यावर खपल्या जास्त आणि तिच्याखाली फलित अंडी कमी, या दोन्ही गोष्टी एकत्रच दिसतात, कारण चढणं झालं तरी अवस्कर टेकलेलाच नसतो. तळाच्या जाळीला उतार जास्त असेल तर दोघांचेही पाय घसरतात. अंडी पुढे घरंगळण्यापुरता उतार ठेवा आणि मागच्या अर्ध्या भागात रबरी चटईचा तुकडा टाका.

एक नर आणि तीन माद्या, फार तर चार. त्यांना ९० बाय ६० सेंटिमीटरचा एक कप्पा द्या. पाच माद्यांच्या पुढे गेलात तर माद्यांची पिसं छान राहतात, पण अंडी पुन्हा रिकामी निघू लागतात. कप्प्यात दोन-तीन आडव्या फळ्या अशा लावा की मादीला नराच्या नजरेआड जाता येईल, पण कोपऱ्यात अडकून पडावं लागणार नाही. फळीच्या दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात. एका कप्प्यात दोन नर नकोतच, ते एकमेकांच्या डोळ्यांवर टोचतात. नराच्या वरच्या चोचीचं अणकुचीदार टोक नेलफाईलने हलकेच घासून बोथट करा, मिलिमीटरभरच. नखंही.

आता रिकाम्या अंड्यांबद्दल. नर आरवतो म्हणजे तो कामाचा आहेच असं नाही. त्याला उलटा धरून अवस्कराच्या वरचा फुगवटा बघा. पक्व नरात ती लालसर, ठसठशीत गाठ दिसते आणि हलकं दाबलं की दाढीच्या साबणासारखा पांढरा दाट फेस येतो. ही ग्रंथी टेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकावर चालते, त्यामुळे तिचा आकार म्हणजे वृषणांच्या स्थितीचा बाहेरून दिसणारा अंदाज. फेस वीर्याबरोबर मादीच्या शरीरात जातो आणि शुक्रजंतूंच्या हालचालीला मदत करतो. फेस न देणाऱ्या नराखाली फलित अंडी कमी येतात. गाठ सपाट, फेस नाही, असा नर कितीही आरवत असला तरी विणीतून काढा किंवा उजेड वाढवून पुन्हा तपासा.

उजेड १२ तास म्हणजे अगदी काठावर. लाव्याचं शरीर साधारण तिथेच लहान दिवस आणि लांब दिवस यांची सीमा आखतं. मादी एवढ्या उजेडावर अंडी देत राहते, पण नराची ग्रंथी मागे पडू शकते. १४ ते १६ तासांवर न्या. टायमर लावा, रोजची वेळ हलू देऊ नका. उजेड प्रखर नको, पिंजऱ्यापाशी छापील मजकूर वाचता येईल इतकाच पुरे. प्रखर उजेडात टोचाटोची वाढते. वृषणं पूर्ण वाढायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर अंडी उबवायला ठेवून निष्कर्ष काढू नका.

शिवाय सातव्या दिवशी रिकामं दिसणारं प्रत्येक अंडं अफलित नसतं. ठिपकेदार कवचामुळे लवकर मेलेला गर्भ सुटून जातो. खरी खात्री करायची तर त्याच दिवशी घातलेली काही अंडी पसरट बशीत फोडा. बलकावर वर तरंगणारा पांढरा ठिपका भिंगाखाली बघा. अफलित अंड्यात तो लहान, घट्ट, सगळीकडे सारखा पांढरा आणि कडा वेड्यावाकड्या. फलित अंड्यात तो थोडा मोठा, गोल, मधे पारदर्शक आणि भोवती पांढरं कडं. हे दोन्ही एकदा शेजारी ठेवून पाहिले की पुढे चूक होत नाही. कडं दिसतं पण पिल्लू वाढत नाही, असं असेल तर दोष नराचा नाही, अंडी साठवण्याचा किंवा तापमानाचा आहे.

माळटिटवी

चोचकरांनी पिंजऱ्याची बाजू नीट सांगितली आहे. जाळीपाशी उभं राहण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्यावरूनच बहुतेकांची फसगत होते.

ही वागणूक टेक्सास विद्यापीठातल्या मायकेल डॉमजन यांनी जपानी लाव्यांवर अनेक वर्षं अभ्यासली. नराला एका मादीशी मीलन करू दिलं आणि मग ती मादी छोट्या खिडकीतून नुसती दिसेल अशी ठेवली, तर नर त्या खिडकीपाशी तासन्‌तास उभा राहतो. मादी नुसती दिसली पण मीलन झालं नाही, तर ही सवय लागत नाही. म्हणजे नर ‘इथे मीलनाची संधी मिळते’ ही जागा आणि खूण शिकतो. विशिष्ट मादीबद्दलची ओढ त्यातून सिद्ध होत नाही. याच शिक्षणाचा पुढचा टप्पा असा की, मीलनाआधी दर वेळी ठरावीक खूण दिसत असेल, तर नुसत्या खुणेने नराचं शरीर तयार होतं. डॉमजन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की अशा नरांच्या वीर्यात शुक्रजंतू जास्त येतात. नंतर एलिझाबेथ अॅडकिन्स-रेगन यांच्या प्रयोगांत, मीलनाची संधी सुचवणाऱ्या ओळखीच्या जागेत झालेल्या मीलनातून अंडी फलित होण्याची शक्यता जास्त निघाली.

त्यामुळे तुम्ही नर वेगळे ठेवून ठरावीक वेळीच सोडणार असाल तर याचा सरळ उपयोग करा. तोच कप्पा, तीच वेळ, दार उघडण्याआधी अर्धा मिनिट तीच रंगीत पाटी समोर. नर दर वेळी नव्या अनोळखी कप्प्यात टाकला की तो आधी जागा हुंगत-बघत बसतो आणि वेळ वाया जातो.

जोडी आहे की नाही हे ओळखायची साधी चाचणी आहे. लांबट पिंजऱ्याचे तीन भाग करा. एका टोकाला जाळीमागे त्याची नेहमीची मादी, दुसऱ्या टोकाला तितक्याच वयाची, अंड्यावरची, अनोळखी मादी. नर मधल्या भागात. पहिली १० मिनिटं सोडून द्या, पुढची २० मिनिटं तो कुठे किती वेळ घालवतो ते मोजा. मग माद्यांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा मोजा. हा दुसरा भाग गाळू नका, नाहीतर तुम्ही मादीची नव्हे, कोपऱ्याची आवड मोजाल. जोडी बांधणारा पक्षी, उदाहरणार्थ झेब्रा फिंच किंवा कबूतर, दोन्ही वेळा आपल्या जोडीदारापाशी जातो. शिवाय जोडीची इतर लक्षणंही दिसतात: वेगळं केल्यावर साद घालत राहणं, खेटून बसणं, एकमेकांची मानेची पिसं साफ करणं, तिसऱ्याला हुसकावणं. पाळीव जपानी लाव्यात मादी काढून घेतली की नर जास्त आरवतो, हे खरं. पण खेटून बसणं, पिसं साफ करणं हे जवळजवळ नाहीच.

यात एक भर घालते. रानातला लावा अगदीच बिनजोडीचा नाही. नर आरवून मादीला बोलावतो, जोडी होते आणि मादी उबवायला बसेपर्यंत तो तिच्या मागेमागे राहून इतर नरांना दूर ठेवतो. ती बसली की तो निघून दुसरीकडे आरवायला लागतो. उबवणं आणि पिल्लं सांभाळणं एकट्या मादीचं. म्हणजे जोडी आहे, पण काही दिवसांची. तुमच्या कप्प्यात मादी खुडूक होतच नाही, अंडी रोज उचलली जातात, त्यामुळे नराच्या दृष्टीने तो सुरुवातीचा टप्पा कधी संपत नाही.

जोडी फोडल्यावर मादी अंडी बंद करेल ही भीती सोडा. लाव्याच्या मादीला अंडं घालायला नर लागतच नाही. जागा बदलल्यावर दोन-तीन दिवस खंड पडतो तो हलवाहलवीमुळे.

आता ‘जन्मभराची जोडी’ याबद्दल थोडं, कारण तुमच्या प्रश्नामागे तीच कल्पना आहे. पक्ष्यांच्या दहातल्या नऊ जाती जोडीने राहतात हे बरोबर. पण जोडीने राहणं, मीलन कोणाशी होतं आणि पिल्लांचा बाप कोण, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७५ मध्ये लाल खांद्याच्या ब्लॅकबर्ड या अमेरिकी पक्ष्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नरांची नसबंदी करून त्यांना त्यांच्या हद्दीत परत सोडलं, तरी त्यांच्या हद्दीतल्या घरट्यांत फलित अंडी सापडत राहिली. १९८० च्या दशकाच्या शेवटी डीएनए तपासणी आली आणि जोडीने राहणाऱ्या बहुतेक जातींत काही पिल्लं दुसऱ्याच नराची निघाली. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरी-रेन या चिमुकल्या पक्ष्यात तर निम्म्याहून जास्त. उलट अमेरिकेतल्या काळ्या गिधाडांत (ब्लॅक व्हल्चर) जोडीबाहेरची पिल्लं जवळजवळ नाहीतच.

आणि जोड्या तुटतातही. किटीवेक या समुद्रपक्ष्यात, आदल्या हंगामात ज्यांची अंडी उबली नाहीत त्या जोड्या पुढच्या हंगामात वेगळ्या होण्याचं प्रमाण जास्त असतं. जोडी टिकण्याचा फायदा असा की जुने जोडीदार हंगामात लवकर अंडी घालतात आणि उबवण्याच्या पाळ्या बिनघोर बदलतात. हा फायदा जिथे नाही, म्हणजे जिथे पिल्लं अंड्यातून निघाल्याबरोबर स्वतः टिपून खातात आणि एक पालक पुरतो, तिथे जोडी सैल राहते. लावा, कोंबडी, मोर सगळे त्या बाजूचे. कमळपक्ष्यात तर मादीच एकामागून एक नरांना अंडी देत जाते आणि नर उबवतात. टर्निक्स गणातले, मागचं बोट नसलेले, लाव्यासारखे दिसणारे छोटे पक्षी तसेच: मादी मोठी, रंगाने उठावदार, तीच हाका घालते, तीच इतर माद्यांशी भांडते.

शेवटी नर निवडण्याबद्दल. कॅनडातल्या ओफिर आणि गेलेफ यांच्या प्रयोगांत (२००३) माद्यांना दोन नरांची झुंज बघू दिली, तेव्हा त्या नंतर हरलेल्या नराजवळ जास्त थांबल्या. आधी मीलनाचा अनुभव असलेल्या माद्यांत हे दिसतं. कारण सरळ आहे, झुंजीत जोरकस असलेला नर मीलनातही जास्त इजा करतो. तेव्हा सगळ्यात आक्रमक नर विणीसाठी राखू नका. फेस चांगला देणारा आणि मादी बसल्यावरच चढणारा नर राखा.

पाखरमाया

किंग क्वेलच्या प्रश्नाला उत्तर देतो. या जातीचं गणित जपानी लाव्याच्या उलट आहे. इथे एकास एकच हवं. दुसरी मादी टाकली तर पहिली तिला मारते, दुसरा नर टाकला तर नर मारतो. जोडी जमली की नर किडा किंवा दाणा चोचीत धरून बारीक आवाज करतो, मादी येऊन तो घेते, दोघं खेटून बसतात, एकाला बाजूला नेलं की दोघंही हाका मारतात. तुम्ही वर्णन केलेलं दाणा भरवणं तेच.

मादी खुडूक झाल्यावर नर टोचतो त्यामागे बहुधा दोन कारणं असतात. एक, उजेड १६ तास आणि पिंजरा लहान, त्यामुळे नराचा मीलनाचा जोर उतरत नाही आणि बसलेली मादी त्याच्या नजरेसमोरून हटत नाही. दुसरं, घरट्याला आडोसा नाही. ६० बाय ६० सेंटिमीटरपेक्षा कमी जागा असेल तर वाढवा, मादीवर वाळक्या गवताचा दाट झुबका उभा करा, त्याला एकच तोंड ठेवा. उजेड १३ तासांवर आणा. त्यानेही टोचणं थांबलं नाही तर त्याच पिंजऱ्यात बारीक जाळी आडवी टाकून नर पलीकडे ठेवा. दुसऱ्या खोलीत नेऊ नका. आवाज ऐकू येत राहिला तर मादी शांत बसून राहते, नाहीतर अंडी सोडून त्याला हाका मारत फिरते आणि अंडी गार पडतात.

उबायला १६ दिवस. पिल्लं निघाली की जाळीतून नराची वागणूक बघा. पिल्लांकडे बघून तोच दाणा भरवण्याचा आवाज काढत असेल तर सोडा, तो चांगला बाप निघतो, पिल्लांना पंखाखालीही घेतो. मान ताठ करून जाळीवर धावून येत असेल तर पिल्लं तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत नको. जाळीची भोकं आता तपासा, ही पिल्लं इतकी लहान असतात की सेंटिमीटरभर भोकातून निघून जातात. पाण्याच्या बशीत खडे भरा, नाहीतर बुडतात.

किंग क्वेलची अंडी जपानी लाव्यासारखी रोज उचलत राहू नका. मादीचं वजन जेमतेम ४५ ग्रॅम. घरटं भरतच नाही म्हणून ती थांबतच नाही, कॅल्शियम संपतं आणि अंडं आत अडकतं. पाच ते आठ अंडी साठू द्या, तिला बसू द्या, निदान खोटी अंडी तरी ठेवा.

बॉबव्हाइट आणि कॅलिफोर्निया क्वेल या अमेरिकी जाती कोणी पाळणार असेल तर त्यांची चाल आणखी वेगळी. हिवाळ्यात ती थव्याने राहतात, दिवस वाढू लागले की थवा फुटून जोड्या होतात. उजेड वाढवण्याआधी, थवा शांत असतानाच जोड्या वेगळ्या कप्प्यात न्या. उजेड वाढल्यावर अनोळखी नर-मादी एकत्र टाकली तर मारामारी ठरलेली. मध्ये जाळी ठेवून आठवडाभर शेजार द्या, दोघं जाळीच्या दोन बाजूंना समोरासमोर झोपायला लागली की जाळी काढा. बॉबव्हाइट बराच काळ एकपत्नी समजला जाई. अंगावर रेडिओ बसवून माग काढल्यावर कळलं की एका हंगामात नर आणि मादी दोघंही एकाहून जास्त जोडीदार करतात, आणि दर चारांतलं एखादं घरटं एकटा नर उबवतो. उबवणीचे दिवस २३.

कबुतराची रीत आहे तशी लाव्यावर लावू नका. कबुतराला फळ्यांच्या आडोशाने सात ते दहा दिवस शेजारी ठेवून जोडी जमवावी लागते, कारण तिथे दोघांनीही पाळी धरून बसायचं असतं आणि दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीतून पिल्लांना दूध द्यायचं असतं. नर सकाळी उशिरापासून दुपार टळेपर्यंत, मादी उरलेला सगळा वेळ. जपानी लाव्याला एवढं जमवत बसायची गरज नाही.

रानकवडा

तिघांचेही आभार. आज तपासलं. दोन नरांची गाठ ठसठशीत, फेस भरपूर. बाकी दोघांची लहान, फेस नाममात्र. ताजी अंडी फोडली, फेस नसलेल्या नरांच्या कप्प्यांतल्या अंड्यांत घट्ट पांढरा ठिपका, कडं कुठेच नाही. चांगल्या नरांच्या कप्प्यांत दोन्ही प्रकार. टायमर १५ तासांवर लावला.

दोन गोष्टी राहिल्या. नर बदलल्यावर किती दिवस थांबायचं? आणि सगळे पक्षी एकाच टोळीतले आहेत, म्हणजे बहुतेक भाऊबहीण. चालेल का?

चोचकर

मादीच्या अंडनलिकेत, गर्भाशय आणि योनिमार्ग यांच्या सांध्यापाशी, सूक्ष्म नळ्या असतात. शुक्रजंतू तिथे साठतात आणि थोडे थोडे वर सुटतात. कोंबडीत हा साठा दोन-तीन आठवडे पुरतो, टर्कीत त्याहून पुष्कळ जास्त. जपानी लाव्यात तो लवकर संपतो. नर काढल्यावर पहिले चार-पाच दिवस अंडी चांगली फलित, मग झपाट्याने घट, दहाव्या-अकराव्या दिवसापर्यंत एखाददुसरं. म्हणून बाप कोण हे नक्की हवं असेल तर जुना नर काढून १४ दिवस माद्या एकट्या ठेवा. तुमच्या खपल्या धरलेल्या माद्यांना नाहीतरी विश्रांती द्यायचीच आहे, हे दिवस त्यातच जातील.

नवा नर सोडल्यावर तिसऱ्या दिवसापासून अंडी गोळा करा. बलक अंडाशयातून सुटल्यावर, भोवती पांढरा भाग चढायच्या आधी, जेमतेम पाव तासात फलन व्हावं लागतं. पुढे अंडं तयार व्हायला जवळजवळ २४ तास. त्यामुळे नर सोडला त्या दिवशीचं अंडं कधीच फलित नसतं आणि दुसऱ्या दिवशीचं बेभरवशाचं. लावी बहुधा दुपारनंतर ते दिवे जाईपर्यंत अंडं घालते. कवच चढलेलं अंडं खाली असताना झालेलं मीलन फारसं कामी येत नाही. नर दिवसातून एकदाच सोडत असाल तर सकाळी नको, अंडी घालून झाल्यावर, दिवे जायच्या आधीच्या तासात सोडा.

कायमचे एकत्र ठेवणार असाल तर सोडताना नर आणि तिन्ही माद्या एकाच वेळी, कोणाच्याच सवयीच्या नसलेल्या कप्प्यात टाका. पहिले तीन दिवस जाळीआड शेजार दिला तर आणखी चांगलं. पहिला अर्धा तास समोर थांबा. पाठलाग होईलच, पण कोपऱ्यात दाबून डोक्यावर सलग टोचत असेल तर नर काढा.

अंडी सात दिवसांच्या आत बसवा. साठवण १३ ते १५ अंशांवर, टोकदार बाजू खाली. पंखा असलेल्या इन्क्युबेटरात ३७.५ अंश, पहिले १४ दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि फिरवणं, मग फिरवणं बंद आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के. सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्लं.

सुगरणखोपा

भाऊबहिणीबद्दल: लावा या बाबतीत कोंबडीपेक्षा फार नाजूक आहे. सख्ख्या भावंडांचं प्रजनन लागोपाठ केलं तर तिसऱ्या पिढीच्या आसपास वंशच संपतो, हे प्रयोगशाळांत १९६० च्या दशकातच दिसलं होतं. आधी अंडी फलित होण्याचं प्रमाण घसरतं, मग कवचात मरणारी पिल्लं वाढतात, मग उरलेल्या माद्या अंडी कमी देतात. पहिली घसरण लोक उजेडावर किंवा खाद्यावर ढकलतात, त्यात एक पिढी निघून जाते.

म्हणून दुसऱ्या, नात्यात नसलेल्या टोळीतून नर आणा. मिळाले तर दोन वेगळ्या टोळ्यांतून. नवीन पक्षी तीन आठवडे लांबच्या खोलीत वेगळे ठेवून मगच आत घ्या. मग तीन घराणी करा, क, ख, ग. पिल्लांना पहिल्या दिवसापासून घराण्याप्रमाणे रंगीत कडी घाला. पहिले दोन आठवडे पाय इतका भराभर वाढतो की कडी दर चार-पाच दिवसांनी बदलावी लागते, नाहीतर रुतते. साधारण तीन आठवड्यांनी छातीवरून नर-मादी कळतात: नराची छाती विटकरी आणि एकसारखी, मादीची फिकट, काळ्या ठिपक्यांची. त्या वेळी घराण्याच्या माद्या घराण्यातच ठेवायच्या. नर मात्र पुढे सरकवायचे: ‘क’चे नर ‘ख’मध्ये, ‘ख’चे ‘ग’मध्ये, ‘ग’चे ‘क’मध्ये. दर पिढीला हीच दिशा, उलटी कधीच नाही. दर घराण्यात निदान दोन-तीन नर वेगवेगळ्या कप्प्यांत चालू ठेवा, एकाच नरावर घराणं उभं करू नका.

रंगानेच नर-मादी ओळखायची तर पांढऱ्या किंवा फिक्या जातींत ते जमत नाही. तिथे सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत थांबून चोचकरांनी सांगितलेली फेसाची तपासणीच करावी लागते. आणि नर सात-आठ महिन्यांचे झाले की बदला. त्या वयात आरवणं तसंच राहतं, पण रिकाम्या अंड्यांचं प्रमाण वाढू लागतं.